गवताच्या पट्टीवरची मोटरसायकल

मोटरसायकल जागेवर नव्हती.

सिल्वियो बोनाकोर्सी दाताच्या डॉक्टरकडून बसने परतला तेव्हा त्याचा डावा जबडा पार बधिर झालेला होता. कोपऱ्यावरून वळताना त्याला आधी नारळाचं झाड दिसलं, मग विटांची बुटकी भिंत दिसली, आणि त्या दोघांच्या मध्ये काहीच दिसलं नाही. रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर पिवळं पडलेलं गवत होतं आणि स्टँड मातीत रुतू नये म्हणून खाली ठेवलेली लाकडी फळी. फळीवर स्टँडची खूण होती. बाकी सगळं साफ.

तो शिवी द्यायला गेला. ओठ हलेनात. तोंडातून नुसती लाळ आली आणि तो आणखी भडकला.

सोमवार, मंगळवार असे दोन दिवस तो त्या गाडीपाशी राबला होता. कोरल समुद्रात वादळ तयार होत होतं आणि शनिवारपर्यंत ते मोरिंडा गावाच्या किनाऱ्याला येईल असं रेडिओ सांगत होता. त्याने आधी गोड्या पाण्याने गाडीवरचा खार धुतला. फडक्याने कोरडी केली, साखळीला ग्रीस चोपडलं, आत दमट हवा धरू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली. कुंभारमाश्या घर करतात म्हणून सायलेन्सरच्या धुराड्यात चिंधीचा बोळा कोंबला. ताडपत्री टाकीचा रंग खरवडू नये म्हणून आधी जुनी सुती चादर, तिच्यावर जुन्या तंबूची जाड ताडपत्री, पोटाखालून पट्टा. खालून वीतभर मोकळं सोडलं, कारण हवा खेळली नाही तर झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते. हॅण्डलला कुलूप लावलं. एकच काम राहिलं होतं. आज दुपारी येऊन ती नारळाला दोन बाजूंनी दोरांनी बांधायची होती.

खरं म्हणजे ती तिथे असायलाच नको होती. गेली तीन वर्षं ती इमारतीच्या जिन्याखाली कोरडी उभी असायची. साखर कारखाना बंद झाला, बायको लेकीकडे ब्रिस्बेनला निघून गेली, घर विकून सिल्वियो या दोन खोल्यांत आला. जुन्या शेडमधलं सगळं विकलं होतं, फक्त ही एक्क्याऐंशी सालची गाडी त्याने ठेवली होती. तिचा नट न् नट त्याच्या हाताखालून गेलेला होता. मग गेल्या रविवारी दाराखालून सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंची नोटीस आली. ‘जिन्याखाली तेलाचा डाग आढळला. सदर वाहन चोवीस तासांत हलवावे.’ एवढंच वाचून त्याने कागदाचा बोळा करून सिंकखालच्या बादलीत फेकला होता.

इमारतीखाली, छपराच्या आत, गाड्या लावायची एक जागा कायम रिकामी असे. तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘पाहुणे’ असं लिहिलेलं होतं. तीन वर्षांत तिथे एकही पाहुणा आलेला त्याने पाहिला नव्हता.

सेक्रेटरीबाई ग्लेनिस प्राउसने दार उघडलं ते साखळी न काढता.

“माझी गाडी कुठाय?”

“काय? नीट बोला, काही कळत नाही.”

“गा-डी!”

“ओरडू नका, मिस्टर बोनाकोर्सी. प्यायलेले आहात का?”

“दात काढलाय! माझी मोटरसायकल. बाहेर होती. कुठाय?”

“अच्छा, ती.” तिने चष्मा वर केला. “ती नेली ना सकाळी. भंगारवाला आला होता, तो वॉल्टर. चांगला माणूस आहे, मला विचारून गेला. म्हणाला, हे पण न्यायचंय का? मी म्हटलं, पट्टीवर आहे ना? मग विचारायचं काय त्यात?”

“तुम्हाला माहीत होतं ती माझी आहे!”

“जिन्याखाली होती तेव्हा तुमची होती. सफाईच्या आठवड्यात पट्टीवर ठेवलेली वस्तू कुणाचीच नसते. हे काय मी ठरवलंय? गावाची रीत आहे.”

“सफाई पुढच्या आठवड्यात आहे.”

“वादळामुळे अलीकडे आणली. नोटिशीत लिहिलं होतं. दुसरा मुद्दा.” तिने विचारलं, “वाचली नाहीत?”

सिल्वियोला तो बोळा आठवला. आता कुठे त्याने रस्त्याकडे नीट पाहिलं. घरोघरी पट्टीवर ढीग लागले होते. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पिंजरे, गाद्या, वाऱ्याने उडून दुसऱ्याच्या खिडकीत घुसेल असं सगळं दरवर्षी वादळांच्या आधी लोक बाहेर काढत. नगरपालिकेचा ट्रक येण्याआधी ज्याला जे हवं ते तो उचलून नेई. पन्नास वर्षं या गावात काढलेल्या माणसाने या आठवड्यात पट्टीवर गाडी उभी केली होती, तीही छान गुंडाळून, जशी काही कुणी घेऊन जावी म्हणूनच.

“तुम्ही मुद्दाम केलंत,” तो म्हणाला.

“दाताला बर्फ लावा,” ग्लेनिस म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वॉल्टरचं घर खाडीच्या बाजूला, चालत पाऊण तासावर. सिल्वियोने गाडीचे कागद आणि किल्ली खिशात घातली आणि तरातरा निघाला. ऊन नव्हतं, पण हवा अशी कोंदलेली की शर्ट पाठीला चिकटला. उसाच्या शेतांवरून वारा अधूनमधून फटका मारी आणि लगेच पडे. वॉल्टरला काय काय ऐकवायचं ते तो मनात जुळवत होता. ‘हे कागद बघ. हा नंबर बघ. तुला लाज नाही वाटली? कुलूप लावलेली गाडी उचलताना?’ पुलापर्यंत वाक्यं छान बसली होती. जबड्यातली बधिरता उतरत होती आणि तिच्या जागी ठणका चढत होता, तोही त्याला बरा वाटला. रागाला त्याची सोबत होती.

‘कुणी कचरा झाकून ठेवतं का?’ हे वाक्य त्याला सर्वांत आवडलं. ते त्याने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना पाय मंदावला.

हे वाक्य आपलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच सफाईच्या आठवड्यात, रेल्वेपलीकडच्या गल्लीतल्या पट्टीवर त्याला निळ्या ताडपत्रीखाली ही गाडी मिळाली होती. चाकं बसलेली, सीट फाटलेली. मित्राच्या ट्रेलरवर चढवून त्याने ती घरी आणली. दुसऱ्या दिवशी एक बाई शेडच्या दाराशी आली. इस्पितळातल्या सफाईचा निळा गणवेश, पायात रबरी चपला. ती म्हणाली, आमच्या शेडचं छप्पर उडालंय, म्हणून दोन दिवस बाहेर झाकून ठेवली होती. कुणी कचरा झाकून ठेवतं का? सिल्वियोच्या हातात पाना होता. इंजिन निम्मं उघडलेलं होतं. तो म्हणाला, “बाई, पट्टीवरची वस्तू कुणाचीच नसते.” ती आली तशी निघून गेली.

पुढे त्याने गाडीला नवं कुलूप बसवलं, कागद आपल्या नावावर करून घेतले, आणि पबमध्ये हा किस्सा कितीदा सांगितला असेल. तिच्या आवाजात सांगायचा, लोक हसायचे. एक गोष्ट मात्र तो कधीच सांगत नसे. गाडी आणली तेव्हा तिची टाकी काठोकाठ भरलेली होती. टाकून द्यायच्या गाडीत कुणी पेट्रोल भरत नाही. ते त्याला तेव्हाच कळलं होतं. ते पेट्रोल त्याने गवत कापायच्या यंत्रात वापरलं.

“ते वेगळं होतं,” तो स्वतःशी म्हणाला, आणि रागाने पुन्हा झपाझप चालू लागला. पण जुळवलेली वाक्यं आता विस्कटली होती.

वॉल्टरच्या अंगणात भंगाराचे डोंगर होते आणि त्यांच्यामध्ये पत्र्याची एक मोठी शेड. दाराशी खुर्ची टाकून त्याची आई बसली होती. पंचाहत्तरीची, टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरून आलेली, फुलाफुलांचा सैल झगा घातलेली ही बाई. सगळं गाव तिला आंटी रेबा म्हणे. ती ओला नारळ खवत होती.

“माझी गाडी द्या,” सिल्वियो म्हणाला. “हे कागद. ही किल्ली. मला वाद नकोय.”

“वॉल्टर,” आंटीने मान न वळवता हाक मारली, “आला बघ तुझा कुलूपवाला.” मग सिल्वियोला म्हणाली, “केवढा वेळ लावलास रे! सकाळपासून ओरडतेय मी त्याच्यावर. म्हटलं, कुलूप लावलेला कचरा पाहिलायस का कधी? साखळीला ग्रीस काय, धुराड्यात बोळा काय. आत्ताच्या आत्ता परत ठेवून ये. तर म्हणतो, त्या बाईनेच ने म्हणून सांगितलं.”

शेडमधून वॉल्टर हात पुसत आला. पंचेचाळिशीचा आडदांड माणूस, पण चेहरा ओशाळलेला. “माफ करा, अंकल. मी विचारलं होतं हो. संध्याकाळी परत आणूनच देणार होतो. या, बघून घ्या, ओरखडासुद्धा नाही.”

गाडी शेडच्या मधोमध, कोरड्या जमिनीवर उभी होती. चादर, ताडपत्री, पट्टा, सगळं जसंच्या तसं. शेजारी तिच्यावर काही पडू नये म्हणून दोन रिकामे पिंप आडवे लावले होते.

सिल्वियो कागद हातात धरून तसाच उभा राहिला. भांडायला आलेल्या माणसाशी कुणी भांडतच नव्हतं.

“घ्या ना,” वॉल्टर म्हणाला.

“असं कसं?” सिल्वियोचा आवाज चढला. “असं कसं लगेच देता? पट्टीवर होती ना ती? म्हणा ना, पट्टीवरची वस्तू कुणाचीच नसते. म्हणा!”

वॉल्टरने आईकडे पाहिलं. “ह्यांना गाडी परत हवीय की नकोय, आंटी?” घरात आईलाही तो सगळ्या गावासारखं आंटीच म्हणे.

“बस तिथे,” आंटी सिल्वियोला म्हणाली. “दात काढून आलायस ना? गाल बघ केवढा झालाय. मूर्खासारखा ओरडू नकोस, टाके उसवतील.”

तो उलट्या टोपलीवर बसला. आणि का कोण जाणे, त्याने तिला सांगून टाकलं. निळी ताडपत्री, इस्पितळाचा गणवेश, रबरी चपला, टाकीतलं पेट्रोल, पबमधला हशा. सांगताना त्याला वाटत होतं, म्हातारी मान हलवेल, जाऊ दे रे म्हणेल, जुनी गोष्ट आहे म्हणेल.

खवणीचा आवाज थांबला.

“नाव काय तिचं?”

“विचारलं नाही.”

“अकरा वर्षं गाडी चालवलीस तिची, आणि नाव विचारलं नाहीस.” आंटीचा आवाज मोठा नव्हता, पण वॉल्टर दोन पावलं मागे सरकला. “आणि कागद नाचवत माझ्या दारात आलास, माझ्या पोराला चोर ठरवायला. आम्हाला ही सवय आहे रे. काही हरवलं की आम्हा बेटावरच्यांच्या अंगणात येऊन बघायची गावाला सवय आहे. पण निदान घरून स्वच्छ हाताने यावं.”

“मी आता काय करू? ती कुठे असेल—”

“ते मला काय विचारतोस? इस्पितळ उडून गेलंय का वादळात? अजून तर वादळ आलेलंही नाही. उठ. गाडी ने. पाऊस लागायच्या आत ने.”

तिने पुन्हा खवायला सुरुवात केली आणि नंतर त्याच्याकडे पाहिलं नाही.

वॉल्टरने पट्टा सोडवून दिला, चिंधीचा बोळा काढला, ताडपत्रीची घडी घालून मागे बांधून दिली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. एवढं आज्ञाधारक तिने नेमकं आजच व्हावं याचाही सिल्वियोला राग आला. खाडीवरच्या पुलावर पहिले थेंब चेहऱ्यावर आडवे आपटले. रस्ताभर तो स्वतःला शिव्या देत होता, आता त्या नीट उमटत होत्या.

इमारतीपाशी आल्यावर त्याने गवताच्या पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी सरळ छपराखाली नेली आणि पांढऱ्या अक्षरांवर उभी केली. इंजिन निवायला वेळ लागणार होता. गरम धुराड्यावर ताडपत्री वितळते. तोवर तो गाडीशेजारी उकिडवा बसला, हातातल्या फडक्याने चाकाच्या आऱ्या एक एक करून पुसत. मग सुती चादर. मग ताडपत्री. एक दोर खांबाला, दुसरा पाण्याच्या पाइपाला.

वरून चपला वाजल्या.

“हे काय चाललंय?” ग्लेनिस छत्री घेऊन खाली आली होती. “ही पाहुण्यांची जागा आहे. मी ही गाडी उचलायला लावेन.”

“लावा,” सिल्वियो म्हणाला. गाल ठणकत होता, राग उतरला नव्हता, पण आता तो नुसता तिच्यावरचा नव्हता. “पण या वेळी आधी विचारा, कुणाची आहे म्हणून.”

“बरं, विचारते. कुणाची आहे?”

बाहेर वाऱ्याने कुणाची तरी गादी पट्टीवरून उचलली आणि रस्त्यात आणून टाकली. सिल्वियोने दोराला आणखी एक वेढा दिला.

“नाव विचारायचं राहिलंय,” तो म्हणाला, आणि गाठ आवळली.