तोफेच्या दुनळीला तेल

बंदुकीला ग्रीस लावावं की तेल, या एका प्रश्नावर मिस्त्री समोरच्याचा चहा निवेपर्यंत बोलू शकत असे. एरवी माणूस अबोल. पण गिऱ्हाइकाने बंदूक टेबलावर ठेवली की तो आधी बंदुकीकडे बघतच नसे. माणसाकडे बघे आणि विचारी, "वापरणार आहात, की ठेवून देणार आहात?"

वापरणार असाल तर तेल, तेही बेताचं. तेल पातळ, पळतं, आतल्या बारीक भागांत शिरतं, आणि चाप ओढला की घोडा चटकन पडतो. ठेवून देणार असाल तर ग्रीस. जाड थर, वर कागद, आणि कपाटात आडवी. ग्रीस बसलं की जागचं हलत नाही, वर्ष वर्ष दमट हवेला लोखंडाशी बोलू देत नाही. वापरातल्या बंदुकीलाही बिजागरीशी, जिथे लोखंड लोखंडावर दाबून घासतं, तिथे बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लागतंच. पण तेवढंच. एकाने आतबाहेर सगळीकडे ग्रीस थापून आणलं होतं, थंडीत ते घट्ट झालं आणि घोडा पडायलाच तयार होईना. "ही बंदूक आहे, गाडीचं चाक नव्हे," असं म्हणून मिस्त्रीने त्याची इतकी हजेरी घेतली की तो बिचारा पुन्हा आला तो धाकट्या भावाला पुढे करून.

आणि शेवटचा नियम, जो तो प्रत्येकाला दुकानाच्या दारापर्यंत येऊन ऐकवी: तेल दिलेली बंदूक नळी वर करून उभी ठेवायची नाही. तेल खाली उतरतं, मागच्या दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड आतल्या आत कुजवतं. बाहेरून वर्षभर काही कळत नाही. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

एवढं सगळं ज्याला पाठ, त्याच्या स्वतःच्या जाळीच्या कपाटात एक दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, वर्षभर तेल पिऊन उभी होती. नळी वर करून.

ती त्याच्या बायकोची होती. नेमबाजीच्या क्लबात तिला सगळे 'तोफ' म्हणत. बंदुकीमुळे म्हणत की तोंडामुळे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या ती अशी फोडायची की शेजारी उभे असलेले पुरुष आपल्या बंदुकीत काही बिघाड आहे का ते बघू लागत. त्या दुनळीचा दस्ता मिस्त्रीने स्वतः घडवलेला. त्याच्या हातचा तो पहिला दस्ता. तेव्हा ती त्याची नुसती गिऱ्हाईक होती, आणि तो दस्ता तासायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या तिप्पट लागला. दर खेपेला ती यायची, "अजून गालाला टोचतोय," म्हणायची, आणि तो मान खाली घालून आणखी एक पापुद्रा काढायचा. शेवटी त्याच्या आईने सांगितलं, आता लाकूड उरायचं नाही, लग्न करून टाका.

मग गेल्या वर्षी तोफेच्या उजव्या डोळ्याची नस सुकली. डॉक्टर म्हणाले, डावा उत्तम आहे, उजव्याला उपाय नाही. उजव्या डोळ्याने आता तिला नुसता उजेड दिसे. तिने एकदाच बंदूक डाव्या खांद्याला लावून बघितली. पण दस्ता उजव्या खांद्यासाठी वळवलेला. डावीकडून तो गालावर आदळला, नेम भलतीकडेच गेला, एकही तबकडी फुटली नाही. तेही तिने सोसलं असतं. पण रेंजवरचे लोक गोड आवाजात "असू दे, असू दे" म्हणाले, आणि ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

परत येताना मिस्त्री हळूच म्हणाला, "डाव्या खांद्याचा नवा दस्ता करू या का?"

"त्या दस्त्याला हात लावलात तर बघा," ती म्हणाली. घरी पोचल्यावर बंदूक त्याच्या हातात दिली. "ठेवा तुमच्या दुकानात."

आता इथे मिस्त्रीने आपला नेहमीचा प्रश्न विचारायला हवा होता. साऱ्या गावाला विचारत आला होता. बायकोला मात्र त्याने तो विचारला नाही. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ती दुनळी आडवी करायची म्हणजे तोफ संपली असं स्वतःच्या हाताने म्हणायचं. ते त्याच्याने होईना. म्हणून त्याने ती वापरातल्या बंदुकांच्या रांगेत उभी केली आणि दर शनिवारी तिला तेल देऊ लागला. भरपूर. मनात धाकधूक असलेला माणूस कुठलीच गोष्ट बेताने करत नाही. आणि तेल देताना तो बंदुकीकडे नीट बघतही नसे. बघितलं असतं तर त्याला सगळं तेव्हाच कळलं असतं, मिस्त्री होता तो.

घरात तोफ पूर्वीसारखीच धडधडत होती. वाणी, शेजारी, गळका नळ, कोणाचीही गय नव्हती. फक्त एक बदललं होतं. नवऱ्याशी बोलताना ती जरा मान वळवून बसे, उजवा डोळा त्याच्याकडे येऊ नये म्हणून. मिस्त्रीला ते दिसे आणि रोज नव्याने लागे. दोघंही मूग गिळून बसलेली.

अशात एके दिवशी क्लबाचे चिटणीस दुकानात आले.

"मिस्त्री, वहिनींची दुनळी नुसती उभीच आहे. माझी भाची शिकतेय, हात चांगला आहे पोरीचा. या मोसमापुरती तिला द्या. वस्तू वापरात राहील."

मागणी वावगी नव्हती. म्हणूनच ती झोंबली. "तिला विचारतो," एवढं म्हणून मिस्त्रीने त्यांना वाटेला लावलं, आणि मग नुसता स्क्रू मागायला आलेल्या एका सज्जन गिऱ्हाइकावर असा खेकसला की वड्याचं तेल वांग्यावर निघालं हे त्या वांग्यालाही कळलं.

संध्याकाळी तो विचारायचं ठरवूनच घरी गेला. जेवताना दोनदा खाकरला. पाणी प्यायला. पुन्हा खाकरला.

"काय सांगायचंय?" ती ताटातून वर न बघता म्हणाली.

"काही नाही. तो नळ गळतोय म्हणत होतीस."

"नळ मी परवाच बसवला."

"चांगला बसवलायस."

"अहो, ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमची जायची नाही. झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मिस्त्री टेबल पुसत होता, तर तोफ दारात उभी. वर्षभरात पहिल्यांदा. चिटणिसांच्या बायकोने फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि "तुम्हाला आता तिचा काय उपयोग" असंही वर म्हणून ठेवलं होतं.

"माझी दुनळी काढा," ती म्हणाली.

"भाचीला द्यायची?"

"कोणाला द्यायची नाही. ग्रीस लावा, गुंडाळा आणि माळ्यावर टाका. लोकांना ती दिसते म्हणून लोक मागतात."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ज्या वाक्याला तो वर्षभर घाबरत होता, ते तिने आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता म्हणून टाकलं होतं.

"तेल दिलेलं आहे," तो म्हणाला. "चांगली आहे. काही घाई नाही."

"तेल? वर्षभर न चालवलेल्या बंदुकीला?"

तिनेच जाळी उघडली आणि दुनळी बाहेर काढली. सवयीने आधी बंदूक बिजागरीशी मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग दस्त्याच्या मानेवर, जिथे हाताची मूठ बसते तिथे, पकड घेतली. आणि थांबली. बोटं नाकाशी नेली. पुन्हा लाकडावरून फिरवली. वर्षानुवर्षं जिथे तिचा तळवा बसला होता तिथलं लाकूड चिकट लागत होतं, काळं पडलं होतं.

"अहो," ती म्हणाली, आणि आवाज इतका हळू होता की मिस्त्री टेबल सोडून जवळ आला. "हे काय आहे?"

त्याने बंदूक घेतली. टेबलावर ठेवली, मागचा लांब बोल्ट सोडवला, दस्ता वेगळा केला. लोखंडाला टेकणारं लाकडाचं तोंड कोळशासारखं काळं होतं. त्याने नखाने दाबलं. नख आत गेलं. मानेतून एक चीर पार मागे धावली होती. एका बाराला नाही तरी दुसऱ्याला दस्ता दुभंगला असता.

दुसऱ्या कोणाची बंदूक असती तर मिस्त्रीने त्याला उभा सोलला असता. आता सोलायला समोर तो स्वतःच होता. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि इथे तर पाषाणही तेलात भिजलेला.

"दर शनिवारी देत होतो," तो म्हणाला. "उभी ठेवली होती. आडवी करवेना."

"का?"

"आडवी केली की संपलं."

तोफेला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी स्टुलावर बसून ती पदराने डोळे पुसू लागली. "गावभर लोकांना दारापर्यंत जाऊन सांगता! तेलही गेलं, दस्ताही गेला, आणि हाती हे राहिलं!" त्या काळ्या तोंडावर तिने टिचकी मारली. आणि मग ती हसत नव्हती, पण डोळे पुसणं चालूच होतं.

"मी पुन्हा चालवीन असं वाटत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. मग मला तेल देता आलं नसतं."

मिस्त्रीने आता हार मानली होती. खालच्या फळीवरून त्याने ग्रीसचा डबा काढला, झाकण उघडलं, जाड कागद पसरला. "तू म्हणतेस तेच बरोबर. लाकूड फेकतो. लोखंडाला ग्रीस लावून ठेवून देऊ. निदान ते तरी राहील." त्याने बोटभर ग्रीस घेतलं आणि तो लोखंडाकडे वळला.

"डबा लावा."

"अगं पण तूच..."

"दस्ता होता तेव्हा म्हणाले होते मी." ती उठली. उरलेलं लोखंड, नुसत्या नळ्या आणि चाप, तिने उचललं आणि हवेत तोललं. "इतके दिवस मला एकच अडचण होती. उजवा दस्ता मला चालवता येत नव्हता, आणि तुमच्या हातचा पहिला दस्ता मला मोडवत नव्हता. रात्री पडल्या पडल्या त्याचाच विचार. आता तुम्हीच त्याला कुजवून बसलात. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं." तिने लोखंड टेबलावर ठेवलं, अगदी हलकेच. "डाव्या खांद्याचा करा. आणि या वेळी लवकर करा, लग्न झालंय आता."

मिस्त्रीने बोटावरचं ग्रीस बिजागरीला लावलं. तेवढंच तिथे लागत होतं. उरलेलं फडक्याला पुसलं आणि डब्याचं झाकण घट्ट केलं.

अक्रोडाचा ठोकळा तिने निवडला. तोही आधी त्याने निवडलेले सगळे नाकारून. चिटणिसांना तिने स्वतः फोन करून सांगितलं की भाचीला जरूर शिकवीन, बंदूक मात्र तिची तिने आणावी. मिस्त्री रंधा घेऊन बसला. दस्ता अजून ओबडधोबड, पॉलिशचं नाव नाही, अशा अवस्थेतच त्याने तो लोखंडाला जोडला आणि तिला बोलावलं. दस्ता अंगाला बसला की नाही हे बघायची मिस्त्री लोकांची रीत जुनी आहे. बंदूक रिकामी असल्याचं दोघांनीही बघायचं, नेमबाजाने ती खांद्याला लावायची, समोर मिस्त्रीने उभं राहायचं, आणि नेम धरायचा तो मिस्त्रीच्या डोळ्यावर. नळ्यांच्या वर नेमबाजाचं बुबुळ बरोबर मधोमध दिसलं तर दस्ता जमला.

दोघांनी नळ्या बघितल्या. रिकाम्या. पुन्हा बघितल्या. मग ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली आणि तो समोर. तिने दुनळी डाव्या खांद्याला लावली. गाल टेकवला.

"टोचतंय?"

"थोडं. मागे."

त्याने एक पापुद्रा काढला. तिने पुन्हा लावली. मान वाकडी नाही, चेहरा लपवलेला नाही. नळ्यांच्या वर, बरोबर मधोमध, तिचा डावा डोळा सरळ त्याच्याकडे बघत होता, आणि शेजारी उजवाही उघडा होता, फिकट, काही न बघणारा, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने तो त्याच्यापासून वळवला नव्हता. मिस्त्रीने दोन्ही डोळ्यांकडे बघितलं. दस्ता जमला होता, हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी तो जागच्या जागी चुळबुळला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे हलतेय," ती म्हणाली. "तुम्हीच हलताय."