पाहुणं दार

सकाळी सातला सुतार भिकन बैलगाडी घेऊन निमढान्यात आला आणि नव्या सरकारी वसाहतीची दारं काढू लागला. ऊन चढेस्तोवर अकरा घरांची दारं गाडीत पडली. बारावं निघेना. ते आतून बंद होतं.

वसाहतीचं उद्घाटन आदल्याच दिवशी झालं होतं. असीरगढच्या पायथ्याशी कोरकू आदिवासींसाठी बारा पक्की घरं, सगळी एका ओळीत, तोंडं सडकेकडे. मोटारीतून न उतरता प्रगती दिसावी म्हणून. कोरकू समोरासमोर दोन ओळींत राहतात, पण त्यांना विचारायची तरतूद नव्हती. भिंती नागपूर राजधानी असताना मंजूर झाल्या. मग राज्यच बदललं, सगळा मुलूख भोपाळकडे गेला आणि दारांचे कागद वाटेतच राहिले. पाहुणे मात्र वेळेवर आले. अडचण ठेकेदार लीलाधरशेठने सोडवली. त्याच्याकडे सागाच्या दारांचा एक संच होता. तो उद्घाटनापुरता बसवायचा: आज निमढाना, उद्या आंबाढाना.

पाहुण्यांनी बाराव्या घरच्या म्हाताऱ्या लोटूला ताटातून पितळी कुलूप-किल्ली दिली. टाळ्या झाल्या. जुन्या झोपड्या फोटोत येऊ नयेत म्हणून आधीच पाडल्या होत्या, आणि त्यांच्या बांबूच्या ताट्या पाहुण्यांच्या चहाखाली जळाल्या होत्या.

त्याच रात्री लोटूची सून बाळंत झाली. मुलगी झाली. त्या आठवड्यात बिबट्याने वस्तीतल्या शेळ्या नेल्या होत्या. तरी बाकीच्यांना बंद दाराआड झोप येईना, म्हणून त्यांनी दारं सताड उघडी टाकली. लोटूच्या बायकोने, मालूबाईने, मात्र कडी घातली. बाळाची नाळ पडेपर्यंत त्या खोलीत पुरुषाने पाय ठेवायचा नसतो. सरकारने खोली एकच दिलेली, त्यामुळे घराचा मालक लोटू बाहेर दगडावर बसला होता.

भिकनने दार वाजवलं.

"कोन?" आतून मालूबाई.

"भिकन सुतार, मावशी."

"काय पायजे?"

"दार."

"ठोकून राह्यला ते काय हाय मंग?"

"तेच पायजे. हे तुमचं नाई, मावशी. पाहुनं आलं होतं."

"पाहुनं हाय तं राहू दे चार रोज. पाहुन्याले कोनी हाकलते का?"

भिकन लोटूकडे वळला. "बाबा, समजाव ना तिले."

"चाळीस वरीस झाले समजावून राह्यलो," लोटू म्हणाला. "तू आज आला. बस."

दहाच्या सुमारास लीलाधरशेठ जीपमधून आला. सोबत ब्लॉकचे अधिकारी विनायकराव.

"अरे लोटू, दरवाजा मेरा है, भाई," शेठ म्हणाला. "सागवान आहे. आंबाढान्यात चारला पाहुणे येऊन राह्यले."

"आन् किल्ली?"

"किल्ली तुझी. कुलूप पण तुझं."

"कुलूप कुठं लावू, शेठ? भितीले?"

"वो तो फोटो के लिये था."

"फोटोत बिबट्या नवता," लोटू म्हणाला.

विनायकरावांनी घसा साफ केला. "हे बघा, दारांचा प्रस्ताव वेगळा आहे. तो येईल. तोवर सहकार्य करा."

"बिबट्याले सांगा, सायब," आतून आवाज आला. "तो बी सहकार्य करन."

वस्ती हसली. विनायकराव हसले नाहीत. त्यांनी भिकनला बिजागऱ्या काढायला सांगितलं.

"बिजागऱ्या आतून हायेत, सायब. मीच बसवल्या."

"मग फोड."

"फोडलं तं आंबाढान्यात काय लावू? फळकुटं?"

शेठला ते पटलं. आत शिरायचं तर बाळंतिणीची खोली; सगळ्या वस्तीदेखत दांडगाई करायची विनायकरावांची तयारी नव्हती. गुन्हा दाखल करावा, तर लोटूने चोरलं काय? सरकारने दिलेल्या घरात सरकारने लावलेलं दार. शेवटी आंबाढान्यातल्या बाराव्या घरावर पडदा लावावा, असं ठरलं. जाताजाता शेठ भिकनला म्हणाला, "शाम को आदमी लेकर आना."

म्हणजे दार रात्रीपर्यंत तरी राहील, याची खात्री नव्हती. लोटूने ते ऐकलं. जीप गेल्यावर तो उठला आणि दाराजवळ जाऊन आत काहीतरी पुटपुटला. आतून मालूबाई म्हणाली, "लाव."

लोटूने बाहेरची कडी लावली, पाहुण्यांनी दिलेलं कुलूप घातलं आणि किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली. आता दार काढायचं तर आधी सरकारी कुलूप फोडावं लागणार होतं.

चार वाजत आले तेव्हा आंबाढान्यात अकरा दारं बसली होती. बाराव्या घरावर पडदा होता आणि वारा सुटला होता. पाहुण्यांची मोटार बुऱ्हाणपूरहून निघाली होती. शेठची माणसं घेऊन बैलगाडी निमढान्याकडे निघाली होती. निमढान्यातलं दार आतून बंद, बाहेरून बंद होतं आणि आत मुलगी रडत होती.