दाराबाहेरची ड्यूटी

कात्री सापडेना, म्हणून रेक्टरबाईंनी ड्रॉवरच बाहेर ओढला आणि पलंगावर पालथा केला. रबरबँड, संपलेली पेनं, जुन्या चष्म्याची काडी, खेळाच्या दिवसाची शिट्टी. कात्री नाही. शेजारी निळे-पिवळे कागद पसरले होते आणि नव्या वर्षाचा फलक संध्याकाळच्या आत लागलाच पाहिजे, असा प्राचार्यबाईंचा निरोप सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. 'नवे वर्ष, प्रसन्न मन.' अक्षरं कापायची, चिकटवायची, खाली फुलं काढायची. मुलींची मनं प्रसन्न करण्याचं काम नेहमीप्रमाणे रेक्टरबाईंच्या गळ्यात पडलं होतं, आणि कात्रीचा पत्ता नव्हता.

"भिंगरे," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या, "काम झालं की जागेवर ठेव हं."

आपण हे मोठ्याने बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण त्याचं त्यांना हल्ली फारसं काही वाटत नसे.

भिंगरी ही त्यांच्या वसतिगृहातली मुलगी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका जागी म्हणून बसत नसे, त्यावरून मुलींनी ठेवलेलं हे नाव. रेक्टरबाईंच्या खोलीत ती विचारल्याशिवाय यायची, हाताला लागेल ती वस्तू उचलायची आणि दोन दिवसांनी हसत आणून द्यायची. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर तिने जीव दिला. संस्थेने नोटीस लावली ती 'अल्पशा आजाराने' अशी. मुलींनी ती वाचली आणि गप्प राहिल्या. नर्सिंगच्या मुलींना कुठला आजार अल्पसा असतो ते चांगलं कळतं.

त्याच्या आदल्या संध्याकाळी ती याच खोलीत चहा प्यायली होती. हसली होती, प्राचार्यबाईंची नक्कल करून दाखवली होती. पण गळ्याची हाडं वर आली होती आणि चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. रेक्टरबाईंच्या ते नजरेत भरलं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. मग वाटलं, नको. नसतं ते आपणच पोरीच्या डोक्यात घालायचो. म्हणून त्यांनी विचारलं ते एवढंच, की बिस्किट घेतेस का.

तेव्हापासून झोप गेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. नातेवाइकांनी नोकरी सोड म्हणून धोशा लावला, पण वरच्या मजल्यांवर बाकीच्या मुली होत्या. त्यांना कुणावर टाकून जायचं? सुट्टी संपून मुली परतल्या, नवं वर्ष लागलं, आणि त्याच आठवड्यात वस्तू जायला लागल्या.

आधी न्हाणीघरातली कपडे वाळत घालायची दोरी गेली. मग नखं काढायचं ब्लेड. मग झोपेच्या गोळ्यांची पट्टी. ती तर त्यांनी स्वतःच्या हाताने ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती. आणि आज कात्री. चोर म्हणावा तर पाकिटाला हात लागलेला नव्हता, घड्याळ जागच्या जागी होतं. शिवाय दुपारी, रात्रपाळीच्या मुली वर झोपलेल्या असताना, सगळी इमारत सामसूम असताना, दाराबाहेर कुणीतरी असायचं. श्वास ऐकू यायचा. एकदा त्यांनी झटकन दार उघडलं, तर लांबलचक रिकामा व्हरांडा, आणि भिंतीशी असणारं पहारेकऱ्याचं स्टूल त्यांच्या दाराजवळ आलेलं. त्यांनी स्टुलावर तळवा ठेवला. ते उबदार होतं.

त्यांच्या अंगावर काटा आला होता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की त्यांना आनंद झाला होता. त्या दिवसापासून त्या दार आतून लावत नसत. बिस्किटांचा डबा टेबलावर उघडा ठेवत, चहा थोडा जास्त टाकत आणि बोलत. आज प्राचार्यबाई काय म्हणाल्या, पहिल्या वर्षाच्या मुलींनी इंजेक्शन टोचायला शिकताना उशीला कसं भोसकलं, असलं काहीबाही. समोरच्या खुर्चीवर कुणी नाही हे त्यांना दिसत होतं. त्या काही वेड्या नव्हत्या. पण खुर्ची ओढून घेतलेली बरी वाटायची.

आता कात्रीवाचून अक्षरं हाताने फाडायची ठरवून त्या दाराजवळच्या आरामखुर्चीत बसल्या. 'प्रसन्न'मधला 'प्र' फाडता फाडता डोळा लागला. जाग आली ती बाहेरच्या कुजबुजीने.

"झोपल्यात. आत्ताच. जेवल्या अर्ध्याच."

"पाणी?"

"एक पेला. सकाळी फिरायला गेल्या नाहीत. एकट्याच बोलतात, पण आज रडल्या नाहीत. मघाशी तिच्याशी बोलल्या, कात्री ठेव म्हणाल्या."

पहिला आवाज बटणचा होता. ठेंगणी, गोल, म्हणून हे नाव; पहिल्या वर्षाची. वॉर्डात सिस्टर ड्यूटी सोपवताना जसं सांगतात, तसं ती सांगत होती. घाई नाही, आपलं मत नाही, पेशंटचं काय झालं आणि काय नाही तेवढंच.

रेक्टरबाई हलल्या नाहीत. पेशंट कोण, हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

"कात्री कुठंय?"

"माझ्या ट्रंकेत. दोरी, ब्लेड पण. कुलूप लावलंय."

"आणि गोळ्या? बाई झोपेच्या गोळ्या घेतात ना? आधी त्या काढायला हव्यात."

"मिळाल्याच नाहीत. मास्तरीणताईनं स्वतः ड्रॉवर बघितला. म्हणाली, बाईंकडे गोळ्या नाहीतच."

"मग ठीक. जा तू, झोप जरा. डोळे बघ कसे झालेत."

स्टूल सरकलं. चपला हातात घेऊन कुणीतरी अनवाणी जिना चढून गेलं.

रेक्टरबाईंच्या मांडीवर तो फाटका 'प्र' तसाच होता. पोरींनी त्यांना देखरेखीखाली ठेवलं होतं. मानसिक विभागात शिकवतात अगदी तसं. पेशंटला एकटं सोडायचं नाही, धारदार वस्तू काढून घ्यायच्या, त्याच्या नजरेत भरायचं नाही, ड्यूटी सोपवल्याशिवाय हलायचं नाही. धडा पाठ करून चांगल्या गुणांनी पास झाल्या होत्या सगळ्या. फक्त पेशंट निवडताना घोटाळा झाला होता. की झाला नव्हता?

हायसं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. म्हणजे भिंगरी आली नव्हती. एकदाही नाही. ते स्टूल कुणा जित्याजागत्या पोरीने गरम केलं होतं. बाईंनी तोंडावर पदर दाबला आणि बाहेरच्या पहाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या रडल्या, कारण ऐकू गेलं तर संध्याकाळी ते सुद्धा सांगितलं गेलं असतं.

रडून झाल्यावर गोळ्यांचं ध्यानात आलं.

पट्टी ड्रॉवरमध्ये होती. मास्तरीणने ड्रॉवर बघितला. मास्तरीण म्हणाली, गोळ्या नाहीतच. बाकीच्यांनी विश्वास ठेवला, कारण मास्तरीण कधी खोटं बोलत नाही. उलट दुसऱ्याचं चुकलं तर तिथल्या तिथे कान पकडते, म्हणून तर मास्तरीण. आणि भिंगरीच्या खोलीत दुसरी खाट होती ती तिची.

रेक्टरबाई ताडकन उठल्या. मग दाराच्या कडीवर हात ठेवून थांबल्या. वर जाऊन पोरीला सगळ्यांसमोर विचारलं, तर ती सरळ नाही म्हणेल. ही मुलगी मदत करायला धावणारी होती, घेणारी नव्हती. गेल्या वर्षी सगळ्यांना धीर देत फिरली, स्वतः एक टिपूस गाळलं नाही, आणि 'काय मनाची खंबीर आहे' म्हणून सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. त्यांनी स्वतःसुद्धा.

त्यांनी दार उघडलं. स्टुलावरची मुलगी धडपडत उभी राहिली, तिच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"बाई, मी... इथं उजेड चांगला आहे, म्हणून अभ्यासाला..."

"असू दे. मास्तरीणला बोलव खाली. म्हणावं, बाईंना बरं वाटत नाही. त्यांना एकटीला भीती वाटते."

मुलगी जिन्याकडे अशी पळाली की पुस्तक तिथेच राहिलं.

मास्तरीण आली ती बाह्या सावरतच. केस घट्ट बांधलेले, ॲप्रनची गुंडी न् गुंडी लावलेली. डोळे तेवढे आत गेले होते.

"काय होतंय, बाई? पडून राहा. जीभ दाखवा. जेवण का टाकलंत?"

"इथं बस माझ्याजवळ."

ती पलंगाच्या कडेला टेकली, बाईंचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली. बाईंनी मोजू दिलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"तुम्ही मला चांगलं सांभाळताय," बाई म्हणाल्या. "मला कळलंय."

बोटं मनगटावर तशीच राहिली. "कुणी सांगितलं? बटण ना? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"कुणी नाही सांगितलं. पण माझ्या गोळ्या मात्र बटणच्या ट्रंकेत नाहीत."

मास्तरीण घड्याळाकडे बघत राहिली. काटा फिरत होता, पण ती मोजत नव्हती.

गेल्या वर्षीचा तो प्रश्न जसाच्या तसा रेक्टरबाईंच्या ओठांवर आला, आणि त्याच्यामागे तीच ती भीती. या वेळी त्यांनी बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं नाही.

"जीव द्यायचं मनात येतं का गं तुझ्या?"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली. मास्तरीण हसल्यासारखं काहीतरी करायला गेली, ते जमलं नाही.

"असं सरळ विचारतात का, बाई?"

"विचारायचं असतं. मला उशिरा कळलं."

तिने बाईंचं मनगट सोडलं. मग ती मान वर न करता म्हणाली, "येतं."

"रोज?"

"रोज. मी होते ना खोलीत. रात्रपाळी करून आले होते आणि मेल्यासारखी झोपले होते. ती माझ्या पायाशी येऊन बसली होती, एवढं आठवतं. मी म्हटलं, नंतर बोलू. तेव्हापासून डोळा मिटला की ती पायाशी बसते."

रेक्टरबाई 'तुझी काही चूक नाही' असं म्हणणार होत्या. हे वाक्य त्यांना स्वतःला इतक्या जणांनी सांगितलं होतं, की ते आतवर पोचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"माझ्याकडे खुर्चीवर बसते," त्या म्हणाल्या.

मास्तरीणने पहिल्यांदा वर पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला आणि ती रडायला लागली. आवाज काढून, नाक वाहेपर्यंत. गेल्या वर्षीचं सगळं राहून गेलेलं रडणं होतं ते. बाईंनी तिला ओढून घेतलं आणि गप्प हो असं एकदाही म्हटलं नाही.

गोळ्यांची पट्टी तिने आपणहून ॲप्रनच्या खिशातून काढली. "एकही घेतली नाही. मोजून बघा."

"मोजायची काय गरज? दे इकडे. आता डॉक्टरांना फोन करते, तुझ्यासमोर. उद्या आपण दोघी जाऊ. मलाही दाखवायचंच आहे. आणि आईला तू सांगायचंस, मी शेजारी बसते."

"आईला नको. ती घाबरेल."

"घाबरू दे. घाबरलेली आई परवडते."

फोन झाला. डॉक्टरांनी काय काय विचारलं, बाईंनी काय काय सांगितलं, ते सगळं मास्तरीण ऐकत होती. दोनदा तिने मध्येच चूक दुरुस्तही केली. मग आईचा फोन. तिकडून 'मी निघते' एवढंच. मग पलंगावरचे निळे-पिवळे कागद बाईंनी एका हाताने खाली लोटले आणि पोरीला आडवं केलं. ती भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन निजली. तिला एकदम झोप आली नाही. दचकून उठली, पायाशी बघितलं. तिथे बाई बसल्या होत्या.

"मी आहे," बाई म्हणाल्या. "हलत नाही."

खिडकीतला उजेड विटका होत गेला. प्राचार्यबाईंचा शिपाई फलकाचं विचारायला आला. आज होणार नाही, हे बाईंनी त्याला हातानेच खुणावून सांगितलं. त्याने आत डोकावून पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच गेला.

संध्याकाळी बटण आली. तिची ड्यूटी होती. स्टूल रिकामं बघून ती घाबरली असावी, कारण दार तिने न ठोठावताच ढकललं. पलंगावर मास्तरीण गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं. पायाशी, ताठ बसलेल्या रेक्टरबाई.

बटण उंबऱ्यातच थबकली. एकदा पलंगाकडे, एकदा बाईंकडे बघत राहिली. तिला कळलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बिचारीचं वय तरी काय होतं.

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "स्टूल आत घे आणि बस."

तिने आवाज न करता स्टूल आत आणलं, पलंगाच्या उशाशी ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने पुढे वाकून कुजबुजली,

"बाई, नंतरची येईल तिला काय सांगू? आजार म्हणू?"

"नाही," रेक्टरबाई म्हणाल्या. "हिला विचारू. ही हो म्हणाली, तर खरं काय ते सांगायचं."