दोरीचे हिसके

माझा डावा कान सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट खोल पाण्यात फुटला. तेव्हापासून लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि मला वाटतं, भांडतायत. त्या वर्षी मी शंखांसाठी बुडी मारणं सोडलं आणि ती विद्या माझ्या मुलीला, सगायराणीला दिली. तुतिकोरिनच्या आमच्या कोळीवाड्यात बायका मासे विकतात, बुडी मारत नाहीत. "सवरिमुत्तू, जावई मिळेना म्हणून पोरीला बुडवतोस काय?" असं लोक विचारायचे. मी म्हणायचो, आधी तुमच्या पोरांना तिच्याइतका श्वास धरून दाखवायला सांगा. एकानेही दाखवला नाही.

म्हणून बुडालेलं जुनं जहाज शोधायला चेन्नईहून तुकडी आली आणि त्यांना इथला एक पाणबुड्या हवा होता, तेव्हा मी सगायचंच नाव दिलं. तुकडीचे प्रमुख नटेसन सर. त्यांची परीक्षा सोपी होती. दोन वाव पाण्यात त्यांनी वाळूखाली एक लोखंडी पहार पुरली होती. धातू शोधायचं यंत्र घेऊन जायचं आणि ती काढून आणायची. यंत्र म्हणजे काठीच्या टोकाला तव्याएवढं कडं, आणि कानाला लावायची एक डबी. धातू जवळ आला की डबी शिट्टी वाजवते.

सकाळी मी माझ्या जुन्या ताटल्या घासून सगायच्या हातात दिल्या. ॲल्युमिनियमच्या, ट्यूबच्या पट्ट्या लावलेल्या. आमच्याकडे याच पायाला बांधून पाणी मारतात.

"अप्पा, त्यांच्याकडे रबराचे पंख आहेत. ते मागून घेते की."

"उसन्या पायांनी परीक्षा देणार? या ताटल्यांवर आपलं घर उभं राहिलंय."

तिने कांजीचा शेवटचा घोट घेतला आणि ताटल्या उचलल्या.

होडीत सरांनी बजावलं, "अंगावर धातू नको. सगळं काढ." तिने कानातलं, पैंजण, गळ्यातला क्रूस, सगळं माझ्या रुमालात बांधलं. मग पाण्यात उतरून, होडीची कड धरून ताटल्या बांधल्या. होडीतच बांधल्या तर माणूस लाकडावर घसरून आपटतो. ताटली म्हणजे आमच्या लेखी पायच. पायाला धातू कोण म्हणतो?

तिच्या कमरेची दोरी माझ्या हातात होती. शिट्टी वाजली की एक हिसका, असं ठरलं होतं. ती तळाशी गेली आणि हिसक्यांवर हिसके सुरू झाले. थोड्या वेळाने ती वर आली.

"सर, हे तर सगळीकडेच बोंबलतंय!"

सरांनी वायरचा जोड आवळला. बॅटरी बदलली. इथल्या काळ्या वाळूत लोखंडाचे कण असतात, खारं पाणी आहे, म्हणून एक बटण फिरवून यंत्राचा कान जरा कमी केला. मग त्यांचा पाणबुड्या गोकुळ यंत्र घेऊन गेला. तो आडवा पोहत, रबरी पंख हलवत मोकळ्या वाळूवरून फिरून आला. यंत्र गप्प. सगायच्या हातात दिलं, की पुन्हा आकांत.

गोकुळ हसला. "सर, यंत्राला बाईचा हात सोसत नाही वाटतं."

"यंत्राला, की तुला?" मी म्हणालो.

सर घड्याळ बघत म्हणाले, "आणखी एक बुडी. मग थांबू."

माझा कान फुटलाय, तळहात नाही. त्या बुडीत मी डोळे मिटले. दोन हिसके झटपट, मग थांबा, मग एक लांब. पुन्हा दोन, पुन्हा एक. ही चाल माझ्या ओळखीची होती. पाणी असं मारायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. आम्ही शंखवाले तळाशी उभे राहून पायांनी वाळू उडवतो. दर वेळी पाय त्या कड्याजवळ जात होता. शिट्टी माझ्या ताटल्यांची होती.

सरांना सांगायला मी तोंड उघडलं आणि लाजेने मिटलं. पोरीची परीक्षा बुडत होती आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलो. हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

एकाएकी दोरी शांत झाली. सगाय माझ्या बाजूला वर आली आणि पाण्याखालूनच दोन ताटल्या माझ्या हातात सरकवल्या.

"लुंगीखाली ठेवा," ती माझ्या चांगल्या कानाशी म्हणाली. मग मोठ्याने, "सर, वायरच नीट बसली नव्हती बहुतेक. बघते पुन्हा!"

पाण्याची ओढ उलटी होती आणि पाय उघडे. दोरी तिरकी ताणली गेली. बराच वेळ काही नाही. मग एक हिसका. थोड्या वेळाने, त्याच जागी, दुसरा. सगाय वर आली तेव्हा तिच्या खांद्यावर पहार होती.

मला राहवलं नाही. लुंगीखालून ताटल्या काढल्या आणि एकमेकींवर आपटल्या.

"सर, वायर नव्हे! या! मी बांधायला लावल्या. चूक माझी, शोधून काढली तिने!"

"अप्पा!" सगाय ओरडली.

नटेसन सर ताटल्यांकडे बघतच राहिले. "मी तिचे कान तपासले, गळा तपासला," ते म्हणाले, "पाय बघितलेच नाहीत." मग त्यांनी गोकुळला विचारलं, "या ओढीत पंखांशिवाय जाशील?" गोकुळ आपल्या पंखांकडे बघत बसला.

सरांनी वही काढून तिचं नाव लिहिलं. "उद्या सहाला ये. दोरी धरायला आमचा माणूस देतो."

"माणूस आहे माझा," सगाय म्हणाली. "कान फुटलाय त्याचा, पण हाताने ऐकतो."

त्या दिवशी वाड्यात भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगितली, आणि एकदा तरी मीच ओरडून बोललो.