आजचं मन: आनंदी

वेल्डर लोखंडी दाराचा सांधा जोडत होता, तेव्हा फोन आला. कारखान्याच्या शिवणखात्यात मशीनवर बसल्याबसल्या बायको कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नवव्या दिवशी त्याच्या फोनवर तिच्या कारखान्याकडून मेसेज आला. 'अभिनंदन. तुमच्या पत्नी काल अकरा हजार पावलं चालल्या. आजचं मन: आनंदी.'

तो उठला तो तडक तिच्या कारखान्यात गेला. तिथे चालण्याची स्पर्धा सुरू होती, 'चला, मन हलकं करू' नावाची. भिंतीवरच्या तक्त्यात बायकोचा गट दुसरा होता. मेव्हणी त्याच गटातली. तिच्या मनगटावर पावलं मोजायचे दोन पट्टे होते.

"भावजी, रागावू नका," ती म्हणाली. "पाचातली एक गळाली की अख्खा गट बाद होतो. आणि ताईचं नाव खोडायला माझा हात धजेना."

"मग तिला आनंदी कोणी केलं?"

"फोनवर 'आजचं मन' भरल्याशिवाय पावलं धरत नाहीत. मी आपलं पहिलं बटण दाबते."

"आधी ती काय भरायची?"

सुपरवायझर बाईंनी कुरकुरत कॉम्प्युटर उघडला. सतरा दिवस एकच उत्तर होतं: थकलेय. खाली एकदा तिने स्वतः लिहिलं होतं, 'छातीत भरून येतं, जिन्यात थांबावं लागतं.' घरी विचारलं तर म्हणायची, मला काय धाड भरलीय.

"हे वाचलं कोणी?"

"वाचायचं नसतं हो, दादा. भरलंय की नाही, एवढंच बघायचं असतं."

"मग विचारता कशाला? मी लोखंड जोडतो. सांधा कितीही चांगला दिसला तरी मालक ठोकून बघतो. तुमच्याकडे माणसाला तेवढंही नाही?"

"हळू बोला. बायका काम करतायत."

"ऐकू द्या. त्यांचंच बोलतोय."

मशीनं एकेक करून थांबली. मेव्हणीने बायकोचा पट्टा काढून त्याच्या हातात दिला. त्याने बाईंना समोर बसून बायकोचं नाव काढायला लावलं. गट बाद झाला.

"आता बाकीच्यांची उत्तरं उघडा," तो म्हणाला.

"त्याला साहेबांची परवानगी लागते. साहेब बक्षीस समारंभाच्या गडबडीत आहेत."

तो स्टूल ओढून बसला. सुट्टी होईपर्यंत बसून राहिला. साहेब आले नाहीत. बाकीच्या चव्वेचाळीस बायकांची उत्तरं अजून कोणी वाचलेली नाहीत.