उतारावर वाचवलेले डिझेल

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. पस्तीस अश्वशक्तीचा, बोरी अरब गावच्या पुंडलिकरावांचा. माझे फार कौतुक झाले आहे मित्रांनो, आणि आता त्या कौतुकाची मला किळस येते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला एवढेच ठाऊक होते, की मी पळण्यासाठी नाही, ओढण्यासाठी आहे. पेट्रोलची जीप रिकामी असली की ऐटीत पळते, पण मागे ओझे लावले की टाकी पिऊन टाकते. डिझेलचे इंजिन सावकाश चालते, थोडक्या तेलात जास्त वजन ओढते. मी नांगर ओढला, दगड ओढले आणि दर दिवाळीनंतर कापूस ओढला. पुंडलिकरावांच्या पत्नी विमलताई लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यातून डिझेल गाळून मला पाजत. त्यामुळे माझा पंप कधी अडला नाही.

मग कापसाची वाईट वर्षे आली. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. जो तो डिझेल वाचवू लागला. वाचवावेच, त्यात गैर काही नाही. पण चहाच्या टपरीवर त्याची शर्यत लागली, आणि तिथून घाण सुरू झाली. कोणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळी. कोणी चार खेपांचा कापूस तुडवून तुडवून दोन खेपांत कोंबी आणि वर मिशीला पीळ देई.

“काहून पुंडलिकराव, तुह्या ट्रॅक्टरले डिझेल लागते का नुसती हवा पाजतं?” शेजारचे गुलाबसिंग विचारीत.

“यवतमाळ जाऊन येऊन दहा लिटर! तुह्यावाला किती पेते?”

“बारा.”

“मंग तू ट्रॅक्टर नाही, म्हैस पोसून राह्यला!”

टपरी हसे. त्या दहा लिटरचे गुपित सगळ्यांना माहीत होते. यवतमाळच्या वाटेवरच्या खिंडीचा उतार लागला की पुंडलिकराव माझा गिअर काढत आणि मला न्यूट्रलमध्ये सोडत. इंजिनावर जोर नाही, म्हणजे डिझेल वाचले, असा हिशोब. तालुक्यातले निम्मे ट्रॅक्टर तसेच उतरत.

त्या दिवशी ट्रॉलीत कापूस माणसापेक्षा उंच भरला होता. तो उडू नये म्हणून विमलताई वर बसल्या. खिंडीच्या तोंडाशी त्यांनी हाक दिली, “अहो, आज गिअरमदीच राहू द्या. वझं लय हाय.”

“तुले काय समजते इंजिनातलं? कापूस धरून बस.”

“मले इंजिनातलं नाही समजत. पण वझं कसं ढकलते ते वर बसून समजते.”

“डोळे मीट, दोन मिन्टात खाली.”

त्यांनी गिअर काढला.

मागच्या वजनाने मला ढकलायला सुरुवात केली. पुंडलिकरावांनी ब्रेक दाबला. ब्रेक तापला, जळका वास सुटला, पण वेग कमी होईना. त्यांनी पुन्हा गिअर टाकायचा प्रयत्न केला. दाते नुसते करकरले, बसले नाहीत. वळणावर ट्रॉली कलंडली आणि विमलताई कापसाखाली गेल्या. लोक धावले, दोन्ही हातांनी कापूस उपसू लागले. पांढरा, मऊ कापूस. त्यांना बाहेर काढले तेव्हा श्वास थांबलेला होता.

तेराव्यानंतर गोपाल मिस्त्री मला दुरुस्त करायला आला. पंप उघडून बसला असताना पुंडलिकराव त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “गोपाल, त्या उतारावर असं किती डिझेल वाचत होतं रे?”

गोपालने मान वर केली नाही. “काका, खरं सांगू? कायबी नाही. गिअरमदी रेसवरचा पाय उचलून उतरलं तर पंप डिझेल सोडतच नाही. वझंच इंजिन फिरवते, अन् इंजिन वझ्याले धरून ठेवते. न्यूट्रलमदी मात्र इंजिन चालू राहाले डिझेल पेत राह्यते.”

पुंडलिकरावांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, “म्हंजे ते दहा लिटर?”

“ते काकूंनी गाळून देलेल्या डिझेलमुळं, काका. पंप साफ होता, म्हून कमी पेत होता.”

पुंडलिकराव उठले आणि गोठ्यामागे जाऊन ओकले.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर हे मी पहिल्याच उतारावर सांगितले असते. मला तोंड नाही. गुलाबसिंग अजून टपरीवर बसतात. आता आपलाही ट्रॅक्टर दहा लिटरवर आल्याचे ते मिरवतात, पण तो उतार न्यूट्रलमध्ये उतरतो हे मी खिंडीकडून येणाऱ्या त्याच्या आवाजावरूनच ओळखतो. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर आजच वडिलांना विचारा, उतारावर गिअर कुठे असतो. ते हसतील, तुला काय समजते म्हणतील. तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत ट्रॉलीवर चढू नका.