पेटीतला क्लॅरी

मॅव्हिसच्या परसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या दक्षिण गोलार्धातली जुलैतली हाडं गोठवणारी थंडी, गवतावर गोठलेलं पांढरं दहिवर, समोरचा डोंगर अर्धा बर्फाखाली आणि अख्खं मॉस क्रीक गाव टोप्या काढून एका मधपेटीपुढे उभं! मीही उभी होते. टोपी मात्र मी काढली नव्हती. या वयात टाळूला गारवा लागला की मला आठवडाभर शिंका येतात. शिवाय त्या पेटीत माश्यांखेरीज कोणी आहे, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

"क्लॅरी," ऑरिन पेल पेटीच्या झाकणावर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू आमच्यात आहेस का?"

पेटीतून भुंऽऽ असा आवाज उठला आणि विरून गेला.

गर्दीतून एक हुंदका आला. पेलने डोळे मिटले. हा माणूस मे महिन्याच्या शेवटी गावात उगवला होता. पांढरा कोट, गळ्यात मेणाचा गोळा आणि पायात चकाकणारे तपकिरी बूट. कोंबड्यांच्या परसात असले बूट घालून येणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी खुराडं झाडलेलं नसतं.

"शरीर मरतं, स्पंदनं मरत नाहीत!" पेल म्हणाला. "ती गोडव्याकडे ओढ घेतात. जिथे मध, तिथे मुक्काम. माशीचे पंख म्हणजे पलीकडच्यांचे ओठ!"

"मग जॅमच्या बरण्यांमध्ये केवढी दाटी होत असेल," मी शेजारच्या डूगलच्या कानात म्हटलं.

"गप्प बसा ना, बाई," डूगल कुजबुजला. इथे सगळे मला बाईच म्हणतात. या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. त्यातलं त्यांनी काय घेतलं, ते समोर दिसतच होतं.

खरं सांगायचं तर मी आता थकले आहे. तांब्याची कडी झाली, पाणी शोधणारी काठी झाली, संधिवातावर चांदण्यात ठेवलेलं पाणी झालं. दर वेळी मीच उठायचं, मीच बोलायचं आणि मीच वाईट व्हायचं. लोक चार दिवस ओशाळतात आणि पाचव्या दिवशी नवा बुवा शोधतात. यंदा घरात चुलीपाशी बसून राहायचं मी ठरवलंच होतं. पण त्याच आठवड्यात मॅव्हिस माझ्याकडे पिंजरे मागायला आली.

मॅव्हिस आणि क्लॅरी हे नवरा-बायको माझे समोरचे शेजारी. त्यांच्या काळ्याभोर ऑस्ट्रालॉर्प कोंबड्या म्हणजे खोऱ्याची शान. क्लॅरी खुराडं आणि मधपेट्या बघायचा. मॅव्हिस पिल्लं वाढवायची आणि शनिवारच्या बाजारात अंडी, मध आणि अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, म्हणजे तलंगा, विकायची. भर हिवाळ्यात बाकी सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या असायच्या, तेव्हाही मॅव्हिसच्या टेबलावर अंडी असायची. मग मे महिन्यात क्लॅरी अचानक गेला.

"पिंजरे कशाला?" मी विचारलं होतं.

"कोंबड्या द्यायच्यात. शनिवारी गाडी येतेय."

"सगळ्या?"

"सगळ्याच. तो गेला आणि त्यांनी अंडी बंदच केली, बाई. एकही नाही. पेल म्हणतात, क्लॅरीचा जीव त्यांच्यात अडकलाय. त्या गेल्या की तो मोकळा होईल. मग मी पेलच्या मौनगृहात, त्यांच्या आश्रमात, जाईन राहायला. ही जागाही त्यांनाच द्यायची. क्लॅरीनंच सांगितलंय तसं."

"क्लॅरी काय म्हणाला?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "भुणभुणला," ती म्हणाली.

हसावं की रडावं ते मला कळेना. हात मात्र तिचे तेच होते, पिल्लं उचलून उचलून खरबरीत झालेले. त्या हातांना मौनगृहात काय काम होतं? जे होतं ते सगळं या परसात होतं, आणि शनिवारी ते गाडीत चढणार होतं. म्हणून मी आले होते.

"क्लॅरी, कोंबड्या जाऊ देत?" पेलने विचारलं.

भुंऽऽ.

"मॅव्हिसनं इथं एकटीनं राहावं?"

शांतता. पेटी गप्प.

"ऐकलंत?" पेल म्हणाला. "नवरा असावा तर असा! मेल्यावरही काळजी!"

सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर होते. मी मुद्दाम खाली बघत होते. शाळेत मुलं एका हाताने प्रार्थना करायची, तेव्हा मी नेहमी दुसरा हात बघायचे, ती सवय. क्लॅरीच्या दोन पेट्या विटांवर टाकलेल्या एकाच लांब फळीवर होत्या. पेलचा उजवा बूट त्या फळीच्या टोकावर टेकलेला होता. "हो" हवं असलं की टाच किंचित उचलली जायची आणि फळीवर टेकायची. "नाही" हवं असलं की बूट गाढ झोपी गेलेला.

मी काठी टेकत टेकत फळीच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिले. म्हातारी बाई आधार शोधते आहे, एवढंच लोकांना दिसलं.

"शेवटचं विचारतो, म्हणजे मॅव्हिसच्या मनात किंतु नको," पेल म्हणाला. "क्लॅरी, मॅव्हिसनं या कोंबड्या ठेवाव्यात का?"

मी काठीचं टोक फळीवर टेकवलं.

भुंऽऽ.

गर्दीत खळबळ उडाली. मॅव्हिसची मान झटकन वर झाली. पेलने झाकणावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला, घसा खाकरला.

"क्लॅरी, नीट ऐक. कोंबड्या ठे-वा-व्या-त का?"

ठक. भुंऽऽ.

"क्लॅरी, पेलनं मॅव्हिसला फसवलंय का?" मीच विचारलं आणि पुन्हा काठी टेकवली. पेटी आज अगदी मनमोकळी बोलत होती.

"अहो, कुणीतरी फळी हलवतंय!" पेल ओरडला.

खुराड्यातली एक कोंबडी तेवढी कुरकुरली.

डूगल डोकं खाजवत म्हणाला, "पण फळी हलली म्हणून काय बिघडलं? बोलतोय तर क्लॅरी ना?"

डूगलने हा प्रश्न अगदी भोळेपणाने विचारला होता; पण फळी हलली की पेटी भुणभुणते, हे पेल नुकताच स्वतःच ओरडून बसला होता.

"इतके दिवस ही फळी कोण हलवत होतं, पेल?" मी म्हटलं. "जरा बूट खाली घ्या बघू. आणि आता विचारा काय हवं ते."

त्याने बूट खाली घेतला. विचारलं मात्र काहीच नाही. मग मीच फळीला हात न लावता क्लॅरीला तीन वेळा हाक मारली. पेटी ढिम्म. मग बोटाने पेटीवर टिचकी मारली. भुंऽऽ. दुसऱ्या पेटीवर मारली, तीही भुणभुणली. "आता इथं क्लॅरी दोन झाले," मी म्हटलं. "थंडीत माश्या पेटीच्या मधोमध गोळा होऊन एकमेकींना ऊब देत बसतात. हादरा बसला की दचकतात, एकदा भुणभुणतात आणि गप्प होतात. कोणाचीही पेटी असू दे. डूगल, तू हिवाळ्यात तुझ्या पेट्यांचं काय करतोस?"

डूगल लाल झाला. "टिचकी मारतो. जिवंत आहेत का बघायला."

"मग आज टोपी का काढलीस?"

"सगळ्यांनी काढली होती, बाई."

पेल "अविश्वासामुळे स्पंदनं गढूळ झाली" असं काहीतरी पुटपुटत फाटकाकडे सरकला, आणि दहिवरावर त्याचे ते गुळगुळीत बूट असे घसरले की तो मॅव्हिसच्या खताच्या ढिगात जाऊन बसला. कोणी हसलं नाही. लोक एकेक करून टोप्या घालत निघून गेले.

मॅव्हिस तिथेच उभी होती. मला वाटलं होतं, ती आभार मानेल.

"त्याला एकदा पुरलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही आज पुन्हा पुरायला लावलंत."

मला फार वाईट वाटलं. असत्य काढून घेतलं की माणसाचा हात रिकामा राहतो, आणि त्या हाताकडे बघणं हे या कामातलं सगळ्यात कठीण.

"मग कोंबड्या का थांबल्या?" तिने अचानक रागाने विचारलं. "सांगा ना! इतक्या हिवाळ्यांत कधी थांबल्या नाहीत. तो गेला आणि थांबल्या. हेही फळीनंच केलं?"

"पहाटे क्लॅरी खुराड्यात दिवा लावायचा, आठवतं?"

"त्याचं काय? माझ्या घोरण्याला कंटाळून जायचा तिकडे. चहा घेऊन बसायचा, पेपर वाचायचा."

"दिवस लहान झाला की कोंबडी अंडं बंद करते, मॅव्हिस. तिला उजेड लागतो. क्लॅरी उजाडायच्या आधी दिवा लावून दिवस लांबवायचा. माझ्या खिडकीतून दर हिवाळ्यात दिसायचा तो. यंदा तिकडे अंधार आहे. आणि ते मी तुला आधीच येऊन सांगायला हवं होतं."

ती वळली. खुराड्याच्या दाराशी गेली, आत खिळ्याला टांगलेल्या दिव्याकडे बघत राहिली. खाली उलटी बादली होती, त्याची बसायची. मग तिने तोंड कोटाच्या बाहीत लपवलं आणि पेलच्या सभेत रडली नव्हती इतकी रडली.

शनिवारी गाडी आली ती रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, तर समोरच्या खुराड्यात पिवळा उजेड होता. रोज असतो आता. अंडी लगेच आली नाहीत. कोंबड्यांना मंत्र कळत नाही, त्यांना वेळ लागतो. ऑगस्टमध्ये मॅव्हिसच्या टेबलावर पहिली टोपली दिसली.

"एवढ्या थंडीत उठायचा हो तो, बाई," अंडी कागदात गुंडाळत ती म्हणाली. "आणि एका शब्दानं बोलला नाही."

वसंतात कोणीतरी नवा बुवा येईलच, आणि मला पुन्हा काठी घेऊन उठावं लागेल. तोवर एवढंच सांगते. गेलेलं माणूस काय म्हणतं हे पेटीला, फळीला, बुवाला विचारू नका. ते जिवंत असताना रोज सकाळी उठून काय करत होतं, ते आधी आठवा. त्याला जे सांगायचं होतं, ते बहुतेक तिथेच सापडेल.